खाऱ्याला गोडं

चैत्र सरता सरता आमच्या घरात माळ्यावरचा कूलर खाली येतो. त्याच्या ताट्यांमधलं मागच्या वर्षीचं गवत उपसून काढायचं काम आता माझ्याकडे आहे. गवत कसलं, मिठाच्या कांड्या. काडीकाडीवर पांढरा थर चढलेला असतो आणि मुठीत दाबला की करकर वाजत तुटतो. आमच्या वरवट बकालला जमिनीतून निघतं ते पाणी खारं. परगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या कपातला चहा फाटतो, डोक्याला लावलेल्या साबणाला फेस येत नाही, डाळ दोन-दोनदा चुलीवर चढते आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून जातो. आम्ही इथेच राहतो.

यंदा एकच ताटी झाडून झाली आणि मला धाप लागली. मी पायरीवर बसलो. ओट्यावर लसूण सोलणारी माय म्हणाली, "ठेव ते. विलास असता तं..." आणि पुढचं तिने लसणात सोडून दिलं. विलास माझा धाकटा भाऊ. कूलर काढणं, ताट्या भरणं, पंख्याला तेल देणं ही सगळी त्याची कामं होती. तो असता तर त्याने मला हातही लावू दिला नसता. "दादा, तू कागदं छाप," म्हणाला असता. बसस्टँडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच्या लेखी ते बसून खायचं काम होतं.

ताटी तशीच टाकून मी आत आलो आणि टाकीसमोर बसलो. समोरच्या खोलीत, जिथे विलासचं कामाचं टेबल होतं, तिथे काचेची एक लांबोडी टाकी आहे. तिच्यात समुद्राचं पाणी आहे. म्हणजे आम्ही केलेलं. त्यात दगड आहेत, दगडांत किडे आहेत आणि दगडांवरून इकडून तिकडे जाणारा एक हिरवट मासा आहे. उन्हाळा आला की मला तोच एक उन्हाळा आठवतो. बाकीचे उन्हाळे नुसते गरम होते.

विलास मोटरी भरून द्यायचा. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. गावातल्या निम्म्या बोअरच्या मोटरी त्याच्या हाताखालून गेल्या असतील. सगळ्या गावाला खारं पाणी वर काढून देणारा माणूस तो, आणि त्याच्या किडन्या गेल्या. आमच्या पट्ट्यात हे दुखणं घरोघरी आहे. लोक पाण्याला बोल लावतात. डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. खामगावच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं, आणि त्याच्या आयुष्यातले वार बदलले. सोमवार-मंगळवार गेले, जायचा दिवस आणि पडून राहायचा दिवस एवढेच उरले.

त्या दवाखान्यात बसायच्या जागी लाल माशांची एक टाकी होती. एक दिवस तो तिथून आला तो चप्पल न काढताच म्हणाला, "दादा, आपुन मासे पाळू. समुद्राचे."

"काऊन? साध्या माशांनी काय घोडं मारलं तुह्यं?"

"साध्याले गोडं पानी लागते. आपल्या घरी हाये का गोडं पानी? खारं मात्र बोअरभर हाये. इतक्या वर्साचं हे पानी कोनाच्या तरी कामी पडाले पाह्यजे ना."

मी हसलो नाही, कारण मला ते पटलं. सगळ्या घराला पटलं. माय म्हणाली, "व्हय, त्याहिले चालन." खारं ते खारं, असंच आम्ही धरून चाललो होतो. समुद्राकाठच्या माणसाने ही चूक केली नसती, आणि गोड्या पाण्याच्या गावात ती कुणाला सुचलीही नसती. ती आमच्याच गावाची चूक. विलासने जुनी टाकी आणली, जोड सांधले, नळी लावून बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि अकोल्याहून दोन मासे आणून सोडले. त्या दुपारी तो जितका खूश होता तितका खूश मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत दोन्ही मासे आडवे होऊन तरंगत होते.

अकोल्याच्या मासेवाल्याचं नाव इरफान. आम्ही आमचं पाणी बाटलीत भरून त्याच्याकडे नेलं. त्याने त्यात कसलीशी दांडी बुडवली, आकडा पाहिला आणि आमच्याकडे पाहिलं. "भाऊ, हे पानी समुद्राले कमी पडते अन् मानसाले जास्त होते," तो म्हणाला. "तुम्ही हे पिता का?" विलास म्हणाला, "पेलो." इरफानने मग विषय बदलला आणि आम्हाला समुद्री मिठाची पिशवी विकली.

मी समुद्र एकदा पाहिला आहे. मला तो आवडला नव्हता. एवढं पाणी आणि त्यातला एक घोट कामाचा नाही, म्हणजे आमचंच गाव, जरा मोठं. विलासने तो पाहिला नव्हता, आणि आता पाहणार नव्हता, कारण दवाखान्यापासून लांब जायची सोय उरली नव्हती. विकतच्या जारमधल्या गोड्या पाण्यात पिशवीतलं मीठ ढवळताना त्याने बोट बुडवून चाटलं. जिभेवर मीठ ठेवायची त्याला बंदी होती. "असा लागते व्हय समुद्र," तो म्हणाला. मी ओरडलो नाही.

मग मुंबईकडून ओल्या कागदात गुंडाळलेले दगड आले, आणि त्यांच्या मागोमाग मासे. इरफान त्यांना क्रोमिस म्हणायचा. बोटाएवढे, पोपटी, उन्हात धरले तर निळे. "हे थव्यानं राह्यतात, एकटा नेऊ नका," म्हणून त्याने आम्हाला सात दिले. पहिले काही आठवडे घरात कुणी टीव्ही लावला नाही. सातही जण एकाच वेळी वळायचे. कुणी इशारा देत नव्हतं, कुणी पुढे नव्हतं, पण एक वळला की सगळे वळलेले असायचे आणि टाकीच्या एका अंगाला हिरवा उजेड पडल्यासारखा व्हायचा. भर दुपारी, बाहेर झळा सुरू असताना, आम्ही तिघं-चौघं भुईवर बसून त्यांचं वळणं पाहायचो. विलासची बायको सुनीता, शेजारी त्यांची लहान मुलगी, हातातली सुई तशीच धरून बसायची. मायने तर त्यांना नमस्कारही केला होता. तो कशासाठी ते तिलाच ठाऊक.

किडे दगडांबरोबर आले होते. एके दुपारी माय किंचाळली, "गोम! टाकीत गोम हाये!" गोमच वाटावी असा, लालसर, दोन्ही कडांना पांढरे केस असलेला लांब किडा दगडाच्या भोकातून अर्धा बाहेर आला होता आणि माशांनी टाकलेला दाणा ओढून नेत होता. विलासने काढायला हात घातला आणि बोटांत शेकडो बारीक काटे घुसले. खाजकुयली लागावी तसा तो नाचला. मी दुकानातून चिकटपट्टी आणली आणि बोटांवर चिकटवून-चिकटवून ते काटे उपटले. चिकटपट्टीचा एवढा चांगला उपयोग माझ्या दुकानात आजवर झाला नव्हता. इरफानला फोन केला तर तो म्हणाला, राहू द्या, ते सफाई करतात, उष्टं खातात, मेलेलं खातात, जित्याच्या वाटेला जात नाहीत. विलासला ते एकदम आवडून गेले. "दादा, हे कोनाले दिसत नाही, कोनाले मांगत नाही, अन् हे नसले तं समदं सडून जाईन." त्यानंतर माशांपेक्षा त्याचं लक्ष किड्यांकडेच जास्त असायचं. टाकीवर चादर टाकून अंधार करायचा, थोड्या वेळाने एक कोपरा उचलून पाहायचं, आणि ते भोकाभोकांतून निघालेले दिसले की मला हाक मारायची.

उन्हाळा चढत गेला. समुद्राच्या माशांना आमची गर्मी सोसणारी नव्हती, म्हणून विलासने टाकी कूलरसमोर सरकवली आणि पाण्यावर एक बारका पंखा बसवला. गर्मी कमी झाली, पण पाणी रोज बोटभर उतरायला लागलं. माय उठून बोअरचा तांब्या भरून आणायची, खाऱ्याला खारं म्हणून. विलासने तिला थांबवलं. टाकीतलं पाणी कमी झालं तर त्यात गोडंच पाणी घालायचं, हे त्याला इरफानने बजावलं होतं. खारं घालत राहिलं तर दिवसेंदिवस मीठ वाढत जातं आणि मासे मरतात. त्याने काचेवर काळ्या पेनाने एक रेघ ओढली आणि म्हणाला, "पानी उडून जाते, माय. खार मांगंच राह्यते. डॉक्टरनं मले बी हेच सांगतलं."

गोडं पाणी म्हणजे जारचं. ते त्याच्यासाठी यायचं आणि त्यालाच ते मोजून मिळायचं. लघवी बंद झालेल्या माणसाला पाणी बेतानेच द्यावं लागतं. अंगात गेलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं, आणि पाय, पोट, छाती भरत जाते. दिवसाची एक लहान बाटली. वैशाखात, वऱ्हाडात, एक लहान बाटली. तहान लागलेला माणूस कसा दिसतो ते मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. तो काही मागत नाही. तो ओठांवरून जीभ फिरवतो, बर्फाचा खडा गालात धरून बसतो आणि पाण्याकडे पाहतो. जारमधलं उरलेलं पाणी तो स्वतः टाकीत ओतायचा, रेघेला लागेपर्यंत, थेंबही बाहेर न सांडता. "मले प्याची बंदी हाये," म्हणायचा, "त्याहिले तं नाही ना." अशा वेळी मला त्या माशांचा राग यायचा. आजही येतो.

मासे कधी कमी व्हायला लागले ते नेमकं आम्हाला कळलं नाही. थवा होता, थव्यातून एक जण जरा मागे राहायला लागला. बाकीचे त्याला शेपटीला टोचायचे, कोपऱ्यात दाबायचे. तो दगडामागे थांबायचा, खायला यायचा नाही. मग एक दिवस तो नसायचा. मेलेला मासा तरी दिसावा, तर तोही नाही. किडे सगळं आवरून टाकायचे. पाणी स्वच्छ, दगड स्वच्छ, आणि थवा पुन्हा एकत्र वळताना दिसायचा, फक्त उजेड थोडा कमी पडायचा. काही दिवसांनी त्यातला दुसरा मागे राहायला लागायचा. मी इरफानवर चिडलो तर तो शांतपणे म्हणाला, "समुद्रात हजारो असतात भाऊ, तिथं कोनाले कळते? टाकीत असंच होते. एक उरला का मंग तो टिकते." हे त्याने विकताना सांगितलं नव्हतं.

खामगावला मी विलासबरोबर जायचो. शेगावला गाडी बदलायची, बाटली त्याच्या पिशवीत, चिवडा माझ्या. डायलिसिसच्या त्याच्या पाळीला बरीच माणसं असायची आणि जवळपास सगळी आमच्याच पट्ट्यातली. मशीन सुरू व्हायच्या आत गप्पा रंगायच्या. कुणाच्या गावचं पाणी जास्त खारं यावर पैजा लागायच्या. पातुर्ड्याकडचे एक गुरुजी होते, ते आपल्या विहिरीची अशी कौतुकं सांगायचे की जणू तिच्यात तूप होतं. एक दिवस त्यांच्या पलंगावर नवी चादर होती. पुढच्या वेळी तिच्यावर एक तरुण पोरगी होती आणि तिला कुणीतरी विहिरीचं विचारत होतं. गुरुजींचं कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. परतीच्या गाडीत विलास खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "दादा, आमच्या पाळीत बी किडे हायेत वाटते. मानूस गेल्यावर मांगं काही दिसतच नाही." 

त्याच महिन्यात मी माझी किडनी द्यायचं ठरवलं. ठरवलं असं म्हणणंही जास्त होईल. सुनीताचा रक्तगट जुळला नाही, मायचं वय झालेलं, उरलो मी. लग्न न केलेला माणूस अशा वेळी सोयीचा असतो. खाऱ्या पाण्याच्या गावात मुली द्यायला लोक कचरतात, हे मी कारण सांगतो. खरं कारण माझा स्वभाव. माझा रक्तगट जुळला. त्या दिवशी मायने अंगणात सडा टाकला, तोही जारच्या पाण्याचा. भिंतीवर ज्यांचे नंबर लिहिले होते त्या चुलत-मावस सगळ्यांना सुनीताने फोन केले. विलासने मला चिडवलं, "तुही किडनी बसवली का मी बी तुह्यासारखा खडूस होईन, दादा." आणि पहिल्यांदाच त्याने इरफानला विचारलं की पावसाळ्यात आणखी सात मासे मिळतील का. त्या आठ-पंधरा दिवसांत आम्ही आशा करत होतो. तेवढेच दिवस. आज त्या दिवसांची आठवण बाकी सगळ्यापेक्षा जास्त बोचते.

पुढच्या तपासण्या आल्या. डॉक्टरांनी कागद आडवा धरला, उभा धरला आणि विचारलं, "तुम्ही एकाच घरात वाढलात का?" मी म्हटलं, सख्खे भाऊ आहोत. ते म्हणाले, किडनी द्यायचं सोडा, तुम्हीच आता पथ्य पाळा, नियमित दाखवत राहा. एका बोअरचं पाणी पिऊन वाढलेली दोन माणसं एकमेकांना काय देणार? मी घरी आलो तेव्हा विलास टाकीसमोर भुईवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसून सांगितलं. टाकीत तेव्हा तीन मासे होते आणि तीन म्हणजे थवा नव्हे. त्याने काचेवरचा एक थेंब बोटाने पुसला. मग म्हणाला, "म्हंजे तुह्या बी मोटरीची कॉइल जळाली म्हना." मी म्हटलं, "पुरी नाही जळली बे. गरम होऊन राह्यली." "मंग आतापासून कमी चालव," तो म्हणाला. "पुरी जळाल्यावर भरून देनारा मी राह्यतो का नाही, कोनाले मालूम." आम्ही दोघंही हसलो. मग तो तोंड फिरवून रडला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून माशांकडे पाहत बसलो, कारण त्याच्याकडे पाहणं मला जमत नव्हतं.

विलास पोळ्याच्या आधी गेला. बाहेर पाऊस लागला होता, विहिरी भरत होत्या. सुनीता मुलीला घेऊन शेगावला माहेरी राहते, ब्लाउज शिवते. इरफानचं मात्र एक खरं ठरलं. शेवटचा एक मासा टिकला. त्याला आता कुणी टोचत नाही आणि कुणी मागेही राहत नाही. तो इकडून तिकडे जातो, टोकाला पोचला की वळतो. वळल्यावर उजेड पडत नाही. किडे अजून आहेत, मी चादर टाकून पाहतो. दाणे कमी म्हणून तेही बारीक झालेत. मायने एकदा म्हटलं, याला जोडी आण. मी म्हटलं, आणली तर पुन्हा तेच होईल. "मंग राहू दे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना जारचंच पाणी प्यायला सांगितलं होतं. मी पितो. मायला ते चालत नाही. "गोड्या पान्यानं माही तहान नाही भागत," ती म्हणते. "पेलं का नाही पेलं ते समजतच नाही." लहानपणापासून जिभेला जे लागलं तेच तिला पाणी वाटतं. गेल्या महिन्यापासून तिच्या पायांना सूज दिसते. बोटाने दाबलं की खळगा राहतो आणि हळूहळू भरतो. ती म्हणते, उन्हाचं आहे. मी दाखवायला चल म्हणतो, ती कपाशी निघाल्यावर म्हणते. आमच्याकडे आता कपाशीच नाही.

काल खामगावहून फोन आला. पथ्य, गोळ्या, बेताने चालवणं सगळं झालं, आता डायलिसिससाठी माझीही पाळी लागली आहे. उद्या पहिली वेळ. कोणता पलंग मिळेल ते मी विचारलं नाही. चादर नवी असेल.

आज सकाळी मी मायला टाकीचं समजावून सांगत होतो. मी नसेन तेव्हा दाणे किती टाकायचे, पंखा कधी लावायचा, वीज गेली तर काय करायचं. विलासची काळी रेघ दाखवली आणि पाणी तिच्याखाली उतरलं की जारचं घालायचं म्हटलं. "सांगू नको मले," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली, जारमधून तांब्या भरून आणला आणि धार बारीक करून पाणी रेघेपर्यंत आणलं. विलास आणायचा तसंच. मासा वर आला, धारेखालून गेला आणि परत फिरला.

"पाह्य, बोअरचं नाही टाकलं," माय म्हणाली. "माह्या ध्यानात हाये. त्याले खारं चालत नाही." मग रिकामा तांब्या घेऊन ती मोरीकडे गेली. बोअरचा नळ सोडला, तांब्या भरला आणि मान वर करून उभ्या-उभ्या सगळा प्याली. मी तोंड उघडलं होतं, पण तिला तहान लागली होती आणि ती पीत होती. पदराने तोंड पुसून तिने माझ्याकडे पाहिलं. "अस्सं," ती म्हणाली, "आता कसं बरं वाटलं."